‘ऑफन’ म्हणजे किती वेळा? एका इंग्रजी शब्दाचा अर्थ लावण्याची आणि उगम शोधण्याची रीत

बडोद्यातील मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर घरातला ‘पुष्कळदा’, शेजारचा ‘घणी वार’ आणि दूरचित्रवाणीवरचा ‘अक्सर’ हे तिन्ही शब्द शाळेत जाण्यापूर्वीच पडलेले असतात. त्यानंतर शाळेत इंग्रजीचा ‘ऑफन’ येतो आणि चौघेही एकाच अर्थाचे आहेत असे गृहीत धरून आपण ते एकमेकांच्या जागी वापरू लागतो. दांडिया बाजारातील माझ्या छोट्या वर्गात मी बरीच वर्षे प्रौढांना इंग्रजी शिकवीत आहे. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारे तरुण आणि परदेशी नातवंडांकडे निघालेल्या आजी एकाच बाकावर बसतात, आणि या एका शब्दापाशी दोघेही सारखेच अडखळतात. शब्दाचा अर्थ आपल्याला येतो असे त्यांना वाटत असते, आणि अडचण नेमकी तेथेच असते.

ज्यांनी शब्दाची व्युत्पत्ती कधी शोधलेली नाही, किंबहुना कोशातील कंसांत काय लिहिलेले असते तेही कधी वाचलेले नाही, अशा नवख्यांसाठी हा लेख आहे. एक वही, एक पेन्सिल आणि शब्दांचा उगम देणारा कोणताही बऱ्यापैकी इंग्रजी कोश एवढे साहित्य पुरते. घरी असा कोश नसेल तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन विचारावे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली उभे केलेले हे ग्रंथालय अशा कामासाठी शांत जागा म्हणूनही चांगले आहे. घाई करू नये. एका दिवसात एक किंवा दोन पायऱ्या पुरेत.

पायरी १ : कोश उघडण्याआधी स्वतःची वाक्ये लिहावीत

पहिल्या दिवशी कोशाला हात लावू नये. आपल्या घरात वरचेवर घडणाऱ्या गोष्टींविषयी दहा मराठी वाक्ये, अगदी आपण बोलतो तशी, वहीत उतरवावीत. माझ्या वर्गात येणारी वाक्ये साधारण अशी असतात : “माझं नेहमी डोकं दुखतं.” “तो उठसूट फोन करतो.” “आम्ही पुष्कळदा रविवारी सेव उसळ आणतो.” “लाईट वारंवार जाते.” “मी मंदिरात फारशी जात नाही.” “हा माणूस सदानकदा पैसे मागतो.”

आता या प्रत्येक वाक्यातील वेळ सांगणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढावी आणि तो मनाशी तपासावा. डोके ‘नेहमी’ दुखते असे म्हणणाऱ्या बाईंचे डोके त्या क्षणी दुखत नसते. ‘नेहमी’चा शब्दशः अर्थ ‘सर्व वेळी’ असला तरी बोलताना आपण तो ‘बऱ्याच वेळा’ या अर्थाने सैलपणे वापरतो. त्यामुळे हेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘ऑलवेज’ वापरले, तर ऐकणाऱ्या डॉक्टरला दुखणे अखंड आहे असे वाटण्याचा संभव असतो. तेथे ‘ऑफन’ हवा. उलट ‘वारंवार’, ‘उठसूट’ आणि ‘सदानकदा’ या शब्दांत केवळ संख्या नाही, बोलणाऱ्याचा त्रासही आहे. “तो उठसूट फोन करतो” यातील वैताग ‘ही ऑफन कॉल्स मी’ या वाक्यात उरत नाही. ते वाक्य कौतुकाचेही असू शकते. वैताग इंग्रजीत आणायचा असेल तर ‘ही इज ऑलवेज कॉलिंग मी’ अशी रचना करावी लागते. म्हणजे तेथे त्रासाचा भार ‘ऑलवेज’ आणि चालू काळ मिळून उचलतात. ‘ऑफन’ त्या भानगडीत पडत नाही.

एवढे झाले की वहीत एक टीप करून ठेवावी : ‘ऑफन’ हा तटस्थ शब्द आहे, आणि त्याच्या सर्वांत जवळचे मराठी शब्द ‘पुष्कळदा’, ‘बऱ्याचदा’ आणि ‘अनेकदा’ हे आहेत. गुजरातीतील ‘घणी वार’ही तितकाच जवळचा आहे. ‘वारंवार’ हा प्रतिशब्द कोशात दिसला तरी तो जपून वापरावा.

पायरी २ : टक्क्यांचा तक्ता बाजूला ठेवावा

इंग्रजी शिकवण्याच्या पुस्तकांत एक तक्ता हमखास असतो. त्यात ‘ऑलवेज’पुढे १०० टक्के, ‘नेव्हर’पुढे शून्य, आणि ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’, ‘सेल्डम’ यांच्यापुढे मधले आकडे छापलेले असतात. शब्दांचा चढता-उतरता क्रम ध्यानात राहण्यापुरता हा तक्ता उपयोगी आहे, परंतु त्यातील आकडे मनावर घेऊ नयेत. दोन पुस्तके उघडून पाहिली तर दोहोंत ‘ऑफन’चा आकडा वेगळा सापडतो, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण हा शब्द मोजणी सांगतच नाही. एखादी गोष्ट जितक्या वेळा घडेल असे आपल्याला वाटते, त्याहून ती अधिक वेळा घडते, एवढेच तो सांगतो.

विश्वामित्री नदीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात पाणी चढले की त्या वस्तीत शिरतात, हे बडोदेकरांना ठाऊक आहे. एखाद्या सोसायटीच्या आवारात एका पावसाळ्यात तीनदा मगर आली, तर तेथील रहिवासी ‘क्रॉकडाइल्स ऑफन कम हिअर’ असे म्हणतील आणि ते योग्यच ठरेल. त्याच सोसायटीतील एखादा मुलगा वर्षातून तीनदा आंघोळ करतो असे मात्र ‘ही ऑफन बेद्ज’ या वाक्याने सांगता येणार नाही. आकडा तोच, तीन. मगरीच्या बाबतीत तो फार मोठा आणि आंघोळीच्या बाबतीत हास्यास्पद. म्हणून ‘ऑफन म्हणजे किती वेळा’ या प्रश्नाला ‘कशाच्या बाबतीत’ असा प्रतिप्रश्न करणे हेच खरे उत्तर आहे.

यावरून आणखी एक मर्यादा कळते. जी गोष्ट ठरलेल्या दिवशी येतेच, तिला ‘ऑफन’ लागत नाही. उत्तरायण दर वर्षी जानेवारीच्या १४ तारखेला येते. ते ‘ऑफन’ येते असे म्हणणे विचित्र होईल. त्या दिवशी दुपारी वारा पडतो आणि पतंग लोळू लागतात, हे मात्र कधी घडते आणि कधी घडत नाही. गच्चीवर उभे राहून ‘द विंड ऑफन ड्रॉप्स इन द आफ्टरनून’ म्हणता येते ते याचसाठी.

पायरी ३ : वाक्यातील जागा ठरवावी

मराठीत ‘पुष्कळदा मी मांडवीला जातो’, ‘मी पुष्कळदा मांडवीला जातो’ आणि ‘मी मांडवीला पुष्कळदा जातो’ ही तिन्ही वाक्ये चालतात. इंग्रजीत एवढी मोकळीक नाही. मुख्य क्रियापद एकटे असेल तर ‘ऑफन’ त्याच्या आधी येतो : ‘वी ऑफन ईट सेव उसळ’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असे असण्याचे क्रियापद असेल तर त्याच्यानंतर येतो : ‘ही इज ऑफन लेट’. साहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या साहाय्यकानंतर येतो : ‘शी हॅज ऑफन टोल्ड मी’. ‘व्हेरी’ किंवा ‘क्वाइट’ सोबतीला असले तर त्याला वाक्याच्या शेवटीही बसता येते.

नकारापाशी मात्र थांबून विचार करावा. ‘आय डोन्ट ऑफन गो’ म्हणजे ‘मी फारसा जात नाही’. ‘आय ऑफन डोन्ट गो’ म्हणजे ‘पुष्कळदा मी जातच नाही’. पहिला माणूस मुळातच कमी जातो; दुसऱ्याने जाणे अपेक्षित असते आणि तो टाळतो. भजनी मंडळाच्या सभासदाने दुसरे वाक्य म्हटले तर ती कबुली आहे, पहिले म्हटले तर केवळ माहिती.

आपल्याकडील सर्वांत मोठी चूक जागेची नसून काळाची आहे. ‘मी पुष्कळदा सुरतेला जात असतो’ हे मराठी वाक्य जसेच्या तसे उचलल्यामुळे ‘आय ॲम ऑफन गोइंग टू सूरत’ असे वाक्य तयार होते. सवय सांगण्यासाठी मराठीला ‘जात असतो’ हे रूप आवडते, आणि गुजरातीतही ‘जाउं छुं’मधले ‘छुं’ सोबत असतेच, त्यामुळे इंग्रजीतही काहीतरी जोडावेसे वाटते. इंग्रजीत सवयीला साधा वर्तमानकाळच पुरतो : ‘आय ऑफन गो टू सूरत’. वहीतील दहाही वाक्ये या साच्यात बसवून पाहावीत.

प्रश्न विचारताना आणखी एक फरक जाणवतो. मराठीत आपण दोन खेपांमधील अंतर विचारतो : “बस किती वेळाने येते?” इंग्रजी खेपा विचारते : ‘हाऊ ऑफन डझ द बस कम?’ उत्तर मात्र दोन्हीकडे अंतराचे असू शकते, ‘एव्हरी टेन मिनिट्स’, दर दहा मिनिटांनी. आपल्या ‘एक दिवसाआड’ला इंग्रजीत ‘एव्हरी अदर डे’ म्हणतात. ‘एव्हरी सो ऑफन’ या शब्दसमूहात ‘ऑफन’ असला तरी त्याचा अर्थ ‘अधूनमधून’ असा आहे, म्हणजे ‘पुष्कळदा’पेक्षा बराच कमी, आणि ‘मोअर ऑफन दॅन नॉट’ म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा. या दोहोंची गल्लत करू नये.

पायरी ४ : ‘ऑफन’ की ‘ऑफ्टन’?

वर्गात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. आजच्या कोशांत दोन्ही उच्चार दिलेले असतात आणि दोन्ही शिष्टसंमत आहेत, त्यामुळे परीक्षेत किंवा मुलाखतीत कोणताही वापरला तरी गुण जात नाहीत. पण हा प्रश्न येथेच सोडला तर गंमत हुकेल.

‘ऑफन’च्या इंग्रजी लेखनात मधोमध ‘टी’ आहे, आणि एकेकाळी तो उच्चारला जात असे. पुढे १५व्या ते १७व्या शतकांच्या दरम्यान, तीन व्यंजने एकमेकांना चिकटली की मधला ‘टी’ गळू लागला. ‘लिसन’, ‘फासन’, ‘सॉफन’, ‘कासल’, ‘व्हिसल’, ‘ख्रिसमस’ या सगळ्यांच्या लेखनात ‘टी’ आहे आणि उच्चारात नाही. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘ज्योत्स्ना’ हे नाव आपण पत्रिकेवर पूर्ण लिहितो आणि हाक मारताना ‘ज्योस्ना’ म्हणतो; मधला ‘त्’ जिभेला जड जातो म्हणून तो वाटेत टाकून दिला जातो. ‘स्वातंत्र्य’ लिहून ‘स्वातंत्र’ बोलणारेही आपल्यात थोडे नाहीत. इंग्रजांच्या जिभेने याहून वेगळे काही केलेले नाही.

मात्र कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातल्यानंतर इंग्रजी लेखन हळूहळू एका ठरावीक रूपात गोठत गेले, आणि गळलेला ‘टी’ कागदावर तसाच राहिला. १९व्या शतकात साक्षरता वाढली तेव्हा शब्द आधी कानाने आणि मग डोळ्याने शिकण्याऐवजी, आधी डोळ्याने आणि मग तोंडाने शिकणारा मोठा वर्ग तयार झाला. त्याला ‘टी’ दिसला आणि त्याने तो उच्चारला. जुन्या वळणाच्या लोकांना ते रुचले नाही. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित इंग्रजी वापरकोशात ‘टी’ उच्चारणाऱ्यांची चांगलीच थट्टा केलेली आहे. जुन्या उच्चाराचा एक पुरावा तर रंगभूमीवरचा आहे. १८७९ सालच्या एका इंग्रजी संगीतिकेत ‘ऑफन’ आणि अनाथ या अर्थाचा ‘ऑर्फन’ हे शब्द एकसारखे ऐकू येतात, या एवढ्याशा गोष्टीवर एक लांबलचक विनोदी प्रवेश बेतलेला आहे. ‘टी’ उच्चारला असता तर तो विनोद उभाच राहिला नसता.

आपल्याकडे इंग्रजी बव्हंशी पुस्तकातून आले, म्हणून ‘ऑफ्टन’ अधिक ऐकू येतो. तसे म्हणणाऱ्याला हसू नये. स्वतः मात्र एकच उच्चार निवडून त्यावर टिकून राहावे. मी ‘ऑफन’ म्हणतो, याचे एकच कारण म्हणजे ‘सॉफन’ आणि ‘लिसन’ यांच्या रांगेत तो सरळ बसतो.

पायरी ५ : कोशातील नोंद वाचायला शिकावे

आता कोश उघडावा. शब्दार्थ वाचून झाल्यावर नोंदीच्या शेवटी, काही कोशांत सुरुवातीलाच, चौकटी कंसात उगम दिलेला असतो. नवखा वाचक तो भाग ओलांडून पुढे जातो, कारण तेथे संक्षेप फार असतात. तीन खुणा ओळखता आल्या तरी पुष्कळ झाले. ‘ओई’ या दोन अक्षरांचा संक्षेप म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण ११५० सालापर्यंतची. ‘एमई’ म्हणजे मध्य इंग्रजी, त्यानंतरची सुमारे १५०० पर्यंतची. आणि एखाद्या रूपाच्या डोक्यावर तारका असेल तर ते रूप कोणत्याही लेखात प्रत्यक्ष सापडलेले नसून, भगिनी भाषांची तुलना करून विद्वानांनी बांधलेले आहे, असे समजावे. ही तारका फार प्रामाणिक खूण आहे. ती न पाहता वाचणारे लोक अनुमानालाच पुरावा समजून बसतात.

‘ऑफन’च्या नोंदीत वाचत मागे गेले की प्रथम मध्य इंग्रजीतील ‘ऑफन’ भेटतो, आणि त्याच्या मागे जुन्या इंग्रजीतील लहानसा ‘ऑफ्ट’. मूळ शब्द हाच. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याची एकमेव हस्तलिखित प्रत इसवी सन १०००च्या आसपासची आहे. त्या काव्याच्या चौथ्या ओळीचा पहिलाच शब्द ‘ऑफ्ट’ आहे. पुराणपुरुषाच्या पराक्रमाची कथा सुरू होते ती त्याने ‘अनेकदा’ काय केले हे सांगून.

त्यानंतर त्याच कंसात भावंडांची यादी येते : जर्मनमध्ये ‘ऑफ्ट’, डॅनिशमध्ये ‘ऑफ्ते’, स्वीडिशमध्ये ‘ऑफ्ता’, जुन्या नॉर्समध्ये ‘ऑप्त’, आणि गॉथिकमध्ये ‘उफ्ता’. गॉथिक भाषा आज कोणी बोलत नाही. ती आपल्याला मुख्यतः ४थ्या शतकात झालेल्या बायबलच्या भाषांतरामुळे माहीत आहे. ही यादी पाठ करण्याची गरज नाही. ‘ऑफ्ट’ हा शब्द फ्रेंच किंवा लॅटिनकडून उसना घेतलेला नसून जर्मानिक कुळातील घरचाच आहे, एवढे तिच्यावरून सिद्ध होते. घरचा शब्द साधा, रोजचा असतो. म्हणूनच ‘ऑफन’ बोलण्यात आणि लॅटिनमधून आलेला ‘फ्रीक्वेंटली’ अर्जात, अहवालात आणि डॉक्टरांच्या टिपणात अधिक आढळतो.

ज्यांना या कोशकारीची गोडी लागेल त्यांच्यासाठी एक आडवळण. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ पासून खंडशः निघू लागला आणि १९२८ साली पूर्ण झाला; १९८९ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या सेवेत होते आणि बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवीत होते. तेव्हा हा कोश अर्धामुर्धाच तयार होता. कोशांची हौस आपल्या गावालाही होती. राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांमधील कोश सयाजीरावांनी करवून घेतला आणि तो १९३१ साली प्रसिद्ध झाला.

पायरी ६ : शेवटचा ‘न’ कोठून आला ते शोधावे

येथे उगमाच्या शोधातील सर्वांत रंजक प्रश्न येतो. मूळ शब्द ‘ऑफ्ट’ होता आणि त्याने काम भागत होते, तर त्याला ‘न’ची शेपटी का फुटली? १३व्या शतकाच्या सुमारास हे लांब रूप दिसू लागते, आणि प्रारंभी ते विशेषतः स्वराने किंवा ‘ह’ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी येते, व्यंजनाआधी आखूड रूप असे. म्हणजे पहिली सोय उच्चाराची. पण तेवढ्याने लांब रूप टिकून का राहिले हे कळत नाही. त्याचे संभाव्य कारण विरुद्धार्थी शब्दात आहे. ‘क्वचित’ या अर्थाचा ‘सेल्डम’ त्या काळी ‘सेल्डन’ असा होता. ‘सेल्डन’च्या जोडीला ‘ऑफ्ट’ तोकडा वाटे. ‘ऑफन’ बरोबर जुळे.

विरुद्ध अर्थाचे शब्द एकमेकांचे रूप घेतात ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘उलट’ या शब्दाच्या साच्यावर आपण ‘सुलट’ बेतला आणि ‘उलटसुलट’ अशी जोडी लावून टाकली. गंमत म्हणजे ‘सेल्डन’सुद्धा स्वतःच्या रूपावर टिकला नाही. ‘एके काळी’ या अर्थाच्या दुसऱ्या एका जुन्या शब्दाचा ‘म’कारान्त शेवट पाहून त्याने स्वतःला ‘सेल्डम’ करून घेतले. जोडीदारासाठी ‘ऑफ्ट’ बदलला आणि जोडीदार मात्र भलत्याच घरचा अवतार घेऊन बसला.

१६व्या शतकापासून ‘ऑफन’ने ‘ऑफ्ट’ला व्यवहारातून हटवले. आज ‘ऑफ्ट’ कवितेत आणि ‘ऑफ्ट-रिपीटेड’ अशा काही जोडशब्दांत उरला आहे. ‘ऑफनटाइम्स’ हे त्याहूनही लांब रूप अमेरिकेत बरेच ऐकू येते. लेखनात ते टाळले तर काही बिघडत नाही.

पायरी ७ : देखण्या व्युत्पत्तीपासून सावध राहावे

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एकदा फळ्यावर ‘ऑफन’ची इंग्रजी अक्षरे मधून तोडून ‘ऑफ टेन’, म्हणजे ‘दहापैकी’, असे दाखवले आणि दहातून बऱ्याच वेळा घडते ते ‘ऑफन’, असा अर्थ लावला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मलाही क्षणभर मोह झाला. ही व्युत्पत्ती चुकीची आहे हे मागील पायरीवरून कोणीही दाखवू शकेल : शब्द मुळात ‘ऑफ्ट’ आहे, शेवटचा ‘न’ नंतर आलेला आहे, आणि ‘टेन’चे जुने रूपही वेगळे आहे. लेखनातील अक्षरे तोडून अर्थ काढण्यापूर्वी त्या शब्दाचे सर्वांत जुने उपलब्ध रूप पाहावे, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दुसरा मोह संस्कृतशी नाते जोडण्याचा असतो. इंग्रजी आणि संस्कृत एका मोठ्या कुळातल्या आहेत हे खरे आहे, परंतु ‘ऑफ्ट’च्या बाबतीत जर्मानिक भाषांच्या पलीकडे जाणाऱ्या वाटेवर विद्वानांचे एकमत नाही. कोशात ‘मूळ अनिश्चित’ असे लिहिलेले आढळले तर तेही एक उत्तरच समजावे आणि वहीत तसेच उतरवावे.

पायरी ८ : शेजारची घरेही पाहून घ्यावीत

एका शब्दाची नोंद वाचता आली की त्याच्या गोतावळ्यातील शब्द झपाट्याने उलगडतात. ‘ऑलवेज’ हा जुन्या इंग्रजीतील ‘संपूर्ण वाट’ या अर्थाच्या शब्दसमूहातून आला. अंतराचा शब्द काळाचा झाला. आपला ‘सतत’ याच जातीचा आहे : त्याच्या पोटात ‘ताणणे, पसरणे’ असा अर्थ आहे. ‘ऑलवेज’ आणि ‘समटाइम्स’ यांच्या अखेरचा ‘एस’ अनेकवचनाचा नसून तो जुन्या षष्ठी विभक्तीचा अवशेष आहे, आणि ‘वन्स’, ‘ट्वाइस’ यांच्या अखेरचा ‘स’ही त्याच घराण्यातला. आपण एकदा, अनेकदा, पुष्कळदा, सदा या शब्दांत संस्कृतचा ‘दा’ जपला आहे. त्यांनी षष्ठी जपली.

‘नेव्हर’ म्हणजे नकाराचा ‘ने’ आणि ‘एव्हर’ यांची संधी. नकार आत शिरलेलाच आहे, म्हणून त्याच्यासोबत पुन्हा ‘नॉट’ नको. मराठीत ‘कधीच जात नाही’ असे दोन्ही लागते, त्यामुळे ही चूक आपल्याकडून हटकून होते. ‘फ्रीक्वेंटली’च्या मुळाशी गर्दी, दाटी असा लॅटिन अर्थ आहे आणि ‘रेअरली’च्या मुळाशी विरळपणा, मराठीतही ‘असा माणूस विरळाच’ म्हणतो, तेव्हा आपण तीच कल्पना वापरतो. गुजरातीतील ‘भाग्येज’ मला या सर्वांत अधिक आवडतो. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला तो शब्दशः ‘नशिबानेच’ म्हणतो.

पायरी ९ : तीच कसोटी मराठीला लावावी

अखेरीस वहीचे पान उलटून पहिल्या दिवशीच्या दहा वाक्यांकडे परत यावे आणि त्यांतील मराठी शब्दांचाही उगम शोधावा. येथे एक गोष्ट लख्ख दिसते. संस्कृतात ‘सहसा’ म्हणजे एकाएकी, अविचाराने. मराठीत ‘मी सहसा बाहेर जेवत नाही’ या वाक्यात अविचाराचा मागमूस नाही. संस्कृतातला ‘बहुधा’ म्हणजे अनेक प्रकारांनी. मराठीतला ‘बहुधा’ शक्यता सांगतो. ‘कदाचित्’ म्हणजे कोणत्या तरी वेळी. आपला ‘कदाचित’ म्हणजे ‘झाले तर झाले’. ‘क्वचित्’ हा मुळात ‘कोठेतरी’ असा स्थळाचा शब्द होता. ‘कायम’ अरबीत ‘उभा असलेला’ होता, आणि हिंदीतील ‘अक्सर’ हाही अरबीच, ‘अधिक’ या अर्थाचा. उगम अचूक ठाऊक असूनही आजचा वापर त्यावरून ठरवता येत नाही. ‘सहसा’ कसा वापरायचा हे संस्कृताच्या पंडिताला विचारण्यापेक्षा खंडेराव मार्केटात भाजी घेणाऱ्या मराठी गृहिणीला विचारणे अधिक भरवशाचे आहे, आणि ‘ऑफन’लाही हाच न्याय लावावा.

सरावासाठी पुढील शब्द ‘युज्वली’ घ्यावा. वहीत चार रकाने आखावेत : माझी मराठी वाक्ये, त्यांची इंग्रजी रूपे, कोशातील सर्वांत जुने रूप, आणि त्या रूपाचा तेव्हाचा अर्थ. कोश उघडण्यापूर्वी पहिले दोन रकाने भरावेत. ‘युज्वली’ हा घरचा आहे की पाहुणा, याचा अंदाज पेन्सिलीने बाजूला लिहावा, आणि तिसरा रकाना भरून झाल्यावर तो चुकला असेल तर खोडू नये. दहाबारा शब्द झाल्यानंतर हे चुकलेले अंदाज एकत्र वाचण्याजोगे असतात.